जात्यापाशी बसलेली आय

माझी आय वसईहून पहिल्यांदाच मस्कतला माझ्याकडे आली होती. एका शुक्रवारी मी तिला शहराबाहेरचं संग्रहालय दाखवायला नेलं. जुनं ओमानी गाव उघड्यावर पुन्हा वसवलं होतं. खजुराच्या झावळ्यांच्या झोपड्या, विहीर, चुली. ‘साधी साडी नेस ना,’ असं निघताना सांगितलं होतं. आयने आपलं नेहमीचं लाल लुगडंच नेसलं.

एका झोपडीत एक ओमानी बाई पाहुण्यांना गहू दळून दाखवत होती. आय थबकली.

“हिच्या जात्याचा खुंटा सैल झालाय,” म्हणाली, आणि चपला काढून त्या बाईसमोर बसलीच. खुंटा ठोकून घट्ट केला. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती, तरी दोघी मिळून दळू लागल्या, हसू लागल्या. लोकांनी मोबाइल काढले.

तेवढ्यात मागून मला हाक आली. आमच्या कंपनीचा साहेब, बायकोसोबत. तो आयर्लंडचा.

“आमच्याकडेही असं जुनं गाव उभारलंय,” तो खुशीत सांगू लागला. “गवताने शाकारलेल्या गोल झोपड्या. शाळेच्या सहलीत मीही असंच दळलं होतं, पाच मिनिटांत हात भरून आले.” मग आयकडे बघून त्याने विचारलं, “लाल कपड्यातली ती बाई इथलीच का?”

“हो,” मी म्हणालो. “इथे कामाला आहे.”

मला नुकतंच सुपरवायझर केलं होतं, ऑफिसात कुणी गाव विचारलं की मी मुंबई सांगायचो. पण ही कारणं मी नंतर शोधली. त्या वेळी तोंडातून सरळ तेच निघालं.

साहेबाच्या बायकोला आयसोबत फोटो हवा होता. तो मीच काढला. आयने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. तिला इंग्रजी बोलता येत नाही, कळतं सगळं.

गाडीत ती म्हणाली, “साहेब होता ना तुझा? म्हणून मी गप्प राहिले. उगाच तुला अडचण.”

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी केबिनमध्ये जाऊन मी साहेबाला खरं सांगितलं. त्याने हातातलं पेन खाली ठेवलं.

“तिने ऐकलं होतं?”

“हो.”

“मग मला काय सांगतोस?”

संध्याकाळी आय सुरमई कापत होती. साहेबाला सांगितलं, एवढंच मी बोलू शकलो. तिची सुरी थांबली.

“नोकरीला काय त्रास नाय ना होणार?”

नाही म्हटल्यावर ती पुन्हा कापू लागली. माफी मागायची ती मी अजून मागितलेली नाही.