साखऱ्याच्या ओढ्यावरचा मुक्काम

निजामाच्या मुलखात हिंगोलीला गाडीतून उतरलो, तेव्हा गार वाऱ्याबरोबर कोवळ्या ज्वारीचा वास आला. नाशिकच्या आमच्या भरल्या घरातून मी आणि माझी बायको सुशीला पहिल्यांदाच दोघंच बाहेर पडलो होतो. लग्नाला दोन वर्षं होत आली, तरी दिवसाउजेडी आमचं बोलणं ‘चहा ठेवू का?’च्या पुढे गेलं नव्हतं. हिंगोलीच्या माझ्या मामांनी बैलगाडी, राहुटी आणि मासे धरायचा गळ देऊन आम्हाला साखरा गावापलीकडच्या डोंगरात धाडलं.

ओढा लहानच. पण काळ्या खडकांतून उड्या मारत येतो आणि पळसांच्या सावलीत त्याचा हिरवागार डोह होतो. गाडीवानानं राहुटी ठोकली. मी ऐटीत गळ फेकला. त्याला लागली माझीच टोपी! सुशीला पदराआड हसली.

दुपारी एक म्हातारी धनगरीण मेंढरं पाण्यावर घेऊन आली. शेवाळावरून एक कोकरू घसरलं ते थेट डोहात.

“अगं माय, गेलं की लेकरू!” ती ओरडली.

मी काठाशी धावलो आणि थबकलो. मला पोहता येत नाही. तोवर कासोटा खोचून सुशीलानं उडी घेतली होती. ती पाण्याखाली दिसेनाशी झाली. मी वेड्यासारखा तिला नावानं हाका मारत राहिलो. अखेर पलीकडच्या खडकाशी ती वर आली, काखेत कोकरू!

“तुला पोहता येतं?”

“कृष्णाकाठी वाढले मी,” ती धापा टाकत म्हणाली. “विचारलंत कधी?”

म्हातारीनं कोकरू छातीशी धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. “मालक, तुमी काहून (का) थरथरून राहिले? भिजली तर ती हाय!”

आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

मग सुशीलानं माझ्या हातून गळ घेतला, कणकेऐवजी गांडूळ लावलं आणि दिवस मावळायच्या आत ताटभर मासे काढले. ते निखाऱ्यावर भाजले. म्हातारीनं भाकरी, ठेचा आणि मेंढीचं धारोष्ण दूध आणलं. गाडीवानासकट सगळे गोल करून जेवलो. इतकी चव मला कुठल्या पंगतीत लागली नाही.

परतीच्या आगगाडीत सुशीला तिच्या नदीबद्दल, भावांबद्दल बोलत होती. मी विचारत होतो, ती सांगत होती. मनमाडला घेतलेला चहा हातातच गार झाला. नाशिक आलं तेव्हा तिची गोष्ट अर्ध्यावरच होती. घर जवळ आलं याचं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाईट वाटलं.