योग्य ठिकाणचा पूल

पंचायतीच्या कारकूनबाईंना लिहायची सवय होती, बोलायची नव्हती. एकतीस वर्षं त्या सभेच्या लांब टेबलाच्या डाव्या टोकाला, खिडकीकडे पाठ करून बसत आल्या होत्या. सभा सुरू झाली की मागच्या सभेचं इतिवृत्त खड्या आवाजात वाचायचं, सदस्यांनी माना डोलावल्या की खाली "वाचून कायम केले" असं लिहायचं, आणि मग तोंड मिटून लेखणी चालवायची. एकतीस वर्षांत सभेत त्यांनी स्वतःचं असं एक वाक्य उच्चारलं नव्हतं. नोकरीला लागल्या तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले होते, "कारकुनाला कान असावेत, तोंड नसावं." बाईंनी ते मनावर घेतलं.

त्यांचं अक्षर मात्र गावात नावाजलेलं. अक्षरापेक्षाही शब्द. दोन सदस्य हमरीतुमरीवर आले, एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला, तरी इतिवृत्तात बाई लिहीत, "विषयावर साधकबाधक चर्चा झाली." शिवणकाम करणाऱ्या सदस्यबाई म्हणायच्या, "मी कापड फाटलं तर रफू करते, या माणसं रफू करतात."

घरी त्यांना ठमी म्हणत. म्हणजे एकच माणूस म्हणत असे, त्यांचा दादा. दादाचं घरालगत सायकली दुरुस्त करायचं दुकान होतं. गेली अकरा वर्षं तो पंचायतीचा सदस्यही होता. बाईंनी लग्न केलं नाही, त्या दादा-वहिनींबरोबरच राहत. सभेत दादा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून म्हणायचा, "कारकूनबाईंनी नोंद घ्यावी," आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात तोच विचारायचा, "ठमे, नोंद घेतलीस का ग? की नुसतीच मान हलवलीस?"

दादाला जाऊन तीन आठवडे झाले होते. दुकानात, हातात चाक धरलेलं असताना बसल्या जागी गेला. वहिनी ओढ्यातल्या दगडांवरून पळत डॉक्टरांना बोलवायला गेल्या. डॉक्टर गाडीनं आले, म्हणजे रस्त्यानं, दोन मैलांचा वळसा घालून. लवकर आलो असतो तरी काही उपयोग नव्हता, असं ते म्हणाले. बाईंनी मान डोलावली. मग त्यांनी चहा केला, आलेल्या-गेलेल्यांना दिला, कपबश्या विसळल्या, आणि चौथ्या दिवशी कामावर हजर झाल्या. रडू आलं नाही. लोक येऊन हात धरत, काहीबाही बोलत, ते सगळं कानात कापूस घातल्यासारखं दुरून ऐकू येई. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही रडून घ्या हो वन्सं, मोकळं वाटेल." बाई म्हणाल्या, "हो, बघते." जणू वहिनींनी बाजारातून काही आणायला सांगितलं होतं.

आता त्या पुलाचं. गावाच्या मधून ओढा जातो. पंचायत, शाळा, दवाखाना अलीकडे. चाळीस-एक घरांची आळी पलीकडे, आणि बाईंचं घरही त्यातच. पाणी कमी असलं की दगडांवरून यायचं, वाढलं की दोन मैलांचा वळसा. दादा निवडून आला तोच "ओढ्यावर माणसांपुरता पूल" एवढं एकच बोलून. पहिल्याच सभेत त्यानं विषय मांडला, आणि पहिल्याच सभेत भांडण लागलं. दादाचं म्हणणं, पूल गिरणीच्या मागे व्हावा, तिथं पात्र अरुंद आहे आणि आळीच्या तोंडाशीच उतरता येतं. दुसऱ्यांचं म्हणणं, खाली धुण्याच्या खडकापाशी व्हावा, म्हणजे खालच्या वस्तीलाही सोयीचं. तास झाला, दीड तास झाला, कुणी ऐकेना. शेवटी तेव्हाचे अध्यक्ष वैतागून बाईंकडे वळले, "तुम्ही लिहा हो काहीतरी, शब्द तुमच्याकडे आहेत."

बाईंनी लिहिलं, "ओढ्यावर योग्य ठिकाणी पादचारी पूल बांधणे."

सगळे खूश झाले, कारण प्रत्येकाला आपलंच ठिकाण योग्य वाटत होतं. रात्रीच्या जेवणाला दादा म्हणाला, "काय लिहितेस ग ठमे! दोन शब्दांत सात जणांची तोंडं बंद."

दोन वर्षांनी पात्राची मापं घेतली, गिरणीमागचीच जागा ठरली, खुंट्यासुद्धा ठोकल्या. पण ते सगळं बोलण्यात. कागदावर कामांची यादी दरवर्षी वरच्या कचेरीत जायची, आणि न झालेली कामं बाई मागील पानावरून पुढे उतरवायच्या, शब्दाला शब्द. दादा ती यादी दरवर्षी घरी वाचायचा. पूल काही होईना. दादा वर अर्ज करायचा, उत्तर यायचं, "विचाराधीन." पुलाचं भिजत घोंगडं ही गावात म्हणच झाली. कुणाचं लग्न लांबलं की म्हणायचे, "हिचाही पूल होतोय वाटतं!"

त्या सोमवारी बाई यंदाची यादी दाखवायला वरच्या कचेरीत गेल्या. तिथल्या इंजिनिअरनं चष्मा कपाळावर चढवून ओळ वाचली आणि विचारलं, "बाई, योग्य ठिकाणी म्हणजे कुठे?"

"गिरणीच्या मागे."

"मग तसं लिहायचं ना! ज्या कामाला जागा नाही, ते आम्ही तपासायलाच घेत नाही. खालच्या गठ्ठ्यात जातं." त्यानं बोटानं कपाटाचा तळ दाखवला. "आणि आता परिपत्रक आलंय. दहा वर्षांच्या वर रेंगाळलेली कामं यादीतून काढायची. ठेवायचं असेल तर या आठवड्यात नवा ठराव करून आणा, त्यात जागा लिहा. नाहीतर गेलं."

"अकरा वर्षं ते याच्यामुळे अडलं?"

"दुसरं काय कारण असणार? नकाशावर योग्य ठिकाण नावाचं गाव नाही हो बाई," असं म्हणून तो आपल्याच विनोदावर हसला. चांगला माणूस होता. बाईही थोड्या हसल्या, कारण समोरचा हसला की हसायचं असतं.

परतताना त्यांनी मनाला चिमटा काढून पाहिला. आता तरी काही होईल, छातीत काही हलेल. काही हललं नाही. बसच्या काचेवर कुणीतरी बोटानं रेघा ओढल्या होत्या, त्या त्यांनी गावापर्यंत मोजल्या. परिपत्रकाचं त्यांनी अध्यक्षांच्या कानावर घातलं. दोन शब्दांचं सांगितलं नाही.

गुरुवारी दुपारी सभा भरली. अध्यक्ष सिमेंटचे दुकानदार, बोलायला गोड. पहिला विषय शोक प्रस्तावाचा. गावात कुणी गेलं की पहिला विषय तोच असे, आणि बाईंच्या बोटांना त्याचा मजकूर पाठ होता. अध्यक्ष अवघडले. "कारकूनबाई, आज हे तुम्ही नका लिहू. आमच्यापैकी कुणी..."

"कुणाचं अक्षर लागतं इथं?" शिवणकामवाल्या सदस्यबाई म्हणाल्या. "तुमचं तर मुंग्यांची वरात."

बाईंनी वही पुढं ओढली आणि लिहिलं. "यांच्या निधनाने गावाची न भरून येणारी हानी झाली आहे." शाईचा डाग पडला नाही, ओळ वाकडी गेली नाही. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. बाईंना खुर्चीचा एक पाय आखूड आहे हे पहिल्यांदाच लक्षात आलं.

मग अध्यक्षांनी घसा साफ केला. "दादांची आठवण राहावी म्हणून माझी सूचना आहे. बसथांब्याला कमान करू, वर त्यांचं नाव घालू. सिमेंट मी देतो."

"झकास!" गिरणीवाले म्हणाले. ते दादाचे जुने दोस्त, भुवयांवर कायम पिठाची साय. "ठळक अक्षरात. लांबून दिसली पाहिजे."

सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. बाईंनी लिहिलं.

"आता यादी. ते पुलाचं..." अध्यक्षांनी कागद लांब धरला. "परिपत्रक आलंय, जुनी कामं काढा म्हणून. मला वाटतं आता काढून टाकू. दादा होते तोवर ठीक होतं, त्यांना वाईट वाटलं असतं. आता कमान होतेच आहे. काय म्हणता?"

कुणी काही म्हणालं नाही. दादाची खुर्ची रिकामी होती आणि पलीकडच्या आळीचं बोलणारं दुसरं कुणी टेबलाशी नव्हतं. सभेत गप्प राहणं म्हणजे होकार, ही इथली जुनी रीत. शेकडो ठराव बाईंनी या गप्प राहण्यातूनच उतरवून घेतले होते.

"लिहा कारकूनबाई. विषय रद्द."

बाईंनी "विषय क्रमांक तीन" एवढं लिहिलं, आणि लेखणी टेबलावर ठेवली.

"जागा लिहायची राहिलीये," त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी इकडे-तिकडे पाहिलं. आवाज कुणाचा ते कळायलाच क्षणभर लागला.

"पुलाची जागा. अकरा वर्षांपूर्वी मी 'योग्य ठिकाणी' असं लिहिलं, आणि दरवर्षी तेच उतरवत गेले. जागा नाही म्हणून वरच्यांनी कागद कधी उघडलाच नाही. चूक माझी आहे. आज जागा लिहून ठराव केला तर काम यादीत राहील. उद्या यादी जायची आहे." आवाज सपाट होता, मागचं इतिवृत्त वाचावं तसा. "गिरणीच्या मागे, असं लिहू का?"

गिरणीवाले खाली बघत म्हणाले, "तिथं आता माझी शेड आहे, ताई. दोन वर्षं झाली. दुसरी चक्की आत बसवलीय."

"अहो, पण खुंट्या होत्या तिथं!" शिवणकामवाल्या बाई उसळल्या. "दिवसाढवळ्या पूल गिळलात की!"

"गिळला काय? विचारून बांधलीय!" गिरणीवाल्यांचे कान लाल झाले. "दादालाच विचारलं. तो म्हणाला, 'बांध रे, पूल काय आज होतोय? होईल तेव्हा बघू.' खुंट्या त्यानंच उपटून दिल्या मला. त्याच्या दुकानात पडल्या असतील अजून."

बाईंना हे ठाऊक नव्हतं. दादा घरी कधी बोलला नव्हता. त्यानंतरही दोन वर्षं तो सभेत उभा राहून पूल मागत होता, टेबलावर मूठ आपटत होता, आणि त्या नोंद घेत होत्या. बाईंनी या गोष्टीकडे नीट पाहिलं. राग यायला हवा होता. तो कुठेतरी असेलही, पण त्यांच्यापर्यंत येत नव्हता.

"मग संपलंच," अध्यक्ष म्हणाले.

"खडकापाशी जागा मोकळी आहे," बाई म्हणाल्या.

"तिथं? तिथं तर दादा जन्मात तयार झाले नसते! तिथनं तुमच्या आळीला केवढा फेरा."

"दोन मैलांहून कमीच."

शिवणकामवाल्या बाईंनी हात वर केला. "मी सूचक. लिहा." मग अध्यक्षांकडे वळून, "आणि कमानीचं सिमेंट वाचलं तर पायऱ्यांना द्या." कुणीतरी खुदकन हसलं. पण अनुमोदक हवा होता, आणि कुणाचा हात हलेना. अध्यक्षांनी एकदा "रद्द" म्हटलेलं, त्यांच्यासमोर कोण बोट वर करणार? गिरणीवाल्यांनी दोनदा कपाळ पुसलं, भुवईवरचं पीठ गालावर आलं.

"मी अनुमोदक," ते म्हणाले.

चार विरुद्ध दोन. बाईंनी लिहिलं, "धुण्याच्या खडकापासून खालच्या अंगास पंचवीस पावलांवर." पावलं कुणाची, असं अध्यक्षांनी विचारलं. "सकाळी मोजून मीटर लिहिते," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी वहिनी भाजी निवडत बसल्या होत्या. "झालं का हो पुलाचं?"

"राहिला यादीत. पण खडकापाशी."

"अगबाई! म्हणजे आपल्याला ते आहेच, जा लांबून. ह्यांनी भांडून सभा उधळली असती."

"हो, उधळली असती." बाईंनी समोरची अर्धी जुडी ओढून घेतली. मग दोन शब्दांचं सगळं सांगितलं, आणि शेडचंही. वहिनींचे हात थांबले नाहीत.

"शेडचं मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मित्राला नाही म्हणवेना त्यांना. मग तुम्हाला सांगायची लाज वाटली. ठमी माझ्यासाठी एवढं लिहिते, म्हणायचे." देठ बाजूला टाकत त्यांनी पुढं जोडलं, "तुम्ही लिहिलंत, ह्यांनी वाचलं, गिरणीवाल्यांनी बांधलं. एकट्याच्या डोक्यावर कशाला घेताय?"

बाईंनी मान डोलावली. निवडलेली भाजी धुतली.

सकाळी टेप घेऊन त्या खडकापाशी गेल्या, तर गिरणीवाले आधीच येऊन उभे. दादाच्या दुकानातून जुन्या खुंट्या आणि हातोडा वहिनींकडून मागून आणला होता. दोघांनी मिळून टेप धरला. एकोणीस मीटर भरले. बाईंनी कागदावर लिहिलं, आणि पाण्याच्या कडेला वाकून पहिली खुंटी दोन्ही हातांनी धरली. पाण्यात पाय बुडाले होते. गार असणार, वर्षाचे हे दिवसच तसे.

"ताई, रागावलात का?" हातोडा उचललेला तसाच धरून त्यांनी विचारलं.

बाईंनी विचार केला, कारण प्रश्न खरा होता. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मला अजून काहीच कळत नाहीये. तुम्ही ठोका."

त्यांनी ठोकली. तीन घाव, चार घाव. मग मागे सरकून, एक डोळा मिटून पाहिलं. "सरळ आहे का हो?"

"उजवीकडे कललीय," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःच धरून ती सरळ केली.