कच्च्या रंगाचा मेंढा

माझा पांढरा मेंढा मीच सोडला होता. दोर तुटला नव्हता की खुंटी उपटली नव्हती. सकाळपासून ओरडून त्याने कान किटवले होते. मला दुपारची झोप हवी होती, म्हणून गाठ सोडली. तो थेट शेजारच्या गोविंदाजींच्या मेंढ्यांत घुसला. संध्याकाळी मी त्याला गुपचूप आणून बांधलं. चूक एवढ्यावरच थांबली असती तर मी हे लिहीत बसलो नसतो.

आता गोविंदाजी नाहीत. आंबागडच्या पायथ्याशी त्यांची लहानशी वाडी होती. जन्म कोष्ट्याच्या घरातला, आयुष्य सूत रंगवण्यात आणि विणण्यात गेलेलं. मागावरून उठले तेव्हा नखं कायमची निळी झाली होती. उतारवयात त्यांनी तपकिरी मेंढ्या पाळायला घेतल्या. म्हणायचे, "देवानं रंगवूनच धाडलं, तं आपण कायले डुबवाचं?" मेंढी दिसली की बोटांनी तिची लोकर फाकवून मुळाशी पाहायचे. वरचा रंग उन्हाचा, मुळाचा खरा. सवय इतकी की एकदा लग्नाच्या पंगतीत त्यांनी माझेही केस फाकवले आणि मोठ्याने जाहीर केलं, "यानं डाय लावला हाये गा!"

त्यांचा जीव मोहाच्या बीसारख्या गडद तपकिरी रंगावर होता. बरंच हिंडल्यावर तसा एकच मेंढा मिळाला. त्याचं नाव राजा. त्याची पिल्लं वाढवायची आणि रंगाचा थेंबही न लावता एक घोंगडी विणायची, एवढीच हौस उरली होती. मेंढ्या माजावर आल्या तेव्हा त्यांनी मला बजावलं होतं, "तुहा पांढरा बांधून ठेव, बापू. पांढरा लय दांडगा रंग. एकडाव घुसला का साऱ्याइले झाकते."

पाचेक महिन्यांनी मेंढ्या व्यायल्या. पहिलं कोकरू पांढरं. दुसरंही पांढरं. गोविंदाजी राजापुढे कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"काहून गा, तू एवढा गर्द, अन् हे दही कुठून आणलं?"

मी हसलो. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले. "खरं सांग, तुहा सुटला होता का?"

"नाही जी काकाजी. बांधूनच होता."

त्यांनी विश्वास ठेवला, हेच वाईट झालं. माझ्यावरचा संशय उतरला तो राजावर बसला. "रंग कच्चा निंगाला याचा," ते काकूंना म्हणाले. "तुमसरच्या बाजारात कसायाले देऊन टाकतो."

बाजाराच्या सकाळी ते राजाच्या गळ्यात दोर अडकवत होते. पुढ्यात चारा टाकलेला, एका हाताने मान कुरवाळणं चालू, तोंडाने शिव्या. "खाऊन घे लेका, खोटारड्या."

मी कुंपण ओलांडून धावलो. "काकाजी, खोटारडा मी आहो. मेंढा मीच सोडला होता. राजाचा रंग पक्का हाये."

दोर हातात तसाच धरून ते माझ्याकडे वळले. "काहून सोडला?"

"झोपाचं होतं जी."

"लागली झोप?"

"त्या दुपारी लागली. मंग नाही लागली."

काकू दारात पदर तोंडाला लावून हसत होत्या. गोविंदाजी हसले नाहीत.

"माफ करा, काकाजी."

"मले कायले मांगून राहिला? मी का कसायाकडं चाललो होतो? त्याले मांग."

मी खाली बसलो, राजापुढे हात जोडले आणि हळूच म्हणालो, "राजा, चुकलं माहं." राजा माझी बाही चघळू लागला.

"मोठ्यानं बोल," गोविंदाजी दोर सोडत म्हणाले. "त्याले कमी आयकू येते."

मी मोठ्याने म्हणालो.