उजवीकडची सीट

माझ्या धाकट्या चुलतभावाकडे एक जुनी अमेरिकन स्टेशन वॅगन आहे. हे वाक्य मी आजवर कितीतरी लोकांना हसतमुखाने सांगितलं आहे आणि दर वेळी माझ्या पोटात दुखलं आहे.

आम्ही दोघं एकाच अंगणात वाढलो. घरं दोन, अंगण एक, विहीर एक. तो बोटीवर गेला, इंजिनीयर झाला, जगभरची बंदरं पाहून पन्नाशीनंतर रत्नागिरीला परत आला. मी इथेच नोकरी केली, इथेच निवृत्त झालो आणि मधली सगळी वर्षं दोन्ही घरांच्या आंब्याच्या कलमांना मीच खत घातलं. तो परत आला तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. तो आनंद मुंबईहून ट्रेलर येईपर्यंत टिकला.

ट्रेलरवर ताडपत्रीखाली ती होती. मिरकरवाडा बंदरातल्या एखाद्या होडीएवढी लांब, फिकट हिरवी, पुढे नुसतं क्रोमच क्रोम. कुणा मुंबईच्या शेटने कधीकाळी अमेरिकेतून मागवून मागचा भाग हौसेने वेगळा बांधून घेतला होता. सगळ्यात मागच्या सीटवर बसणाऱ्यांची तोंडं गेलेल्या रस्त्याकडे. मागचं दार खाली उघडायचं, त्यावर दोन माणसं आरामात चहा पीत बसतील एवढं. अख्खी वाडी जमली. अंगणातल्या शेडमध्ये ती एकटीच मावत होती, म्हणून माझी छोटी पांढरी गाडी आंब्याखाली गेली. तिथे तिच्यावर मोहोर गळतो, चीक पडतो आणि कावळे आपला कार्यभाग उरकतात.

"शेडचा काय एवढा घेऊन बसलाव?" बायको म्हणाली. "त्यांची गाडी म्हातारी हाय. तिला सावली नको?"

माझी गाडीही काही तरुण नव्हती, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग भावाने तिला नटवायला घेतली. मूळचं पेट्रोल इंजिन निम्मी रत्नागिरी पिऊन टाकेल असं होतं, ते काढून त्याने जीपचं डिझेल इंजिन बसवलं. एसी बसवला. ब्रेक बदलले. दोन्ही अंगांना लाकडासारख्या दिसणाऱ्या कसल्याशा पट्ट्या होत्या, त्या सोलून काढल्या आणि मिरकरवाड्यात होड्या बांधणाऱ्या सुताराकडून खऱ्या फणसाच्या लाकडाच्या पट्ट्या बसवून घेतल्या. फणस पडलेला आमच्या सामाईक परसातला. तेल पाजल्यावर ते लाकूड असं काही पिवळंधमक उठलं, की मीसुद्धा येता-जाता हात लावून बघायचो. कुणी बघत नाही ना, एवढी खात्री करून.

पण त्या गाडीत एक गोष्ट होती, तिच्यापायी मी सगळं सहन केलं. तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं.

म्हणजे गाडी तो चालवायचा आणि आपल्याकडे ड्रायव्हर बसतो त्या जागी, उजवीकडे, मी बसायचो. लोकांच्या डोळ्यांना सवय असते. गाडी आली की ते उजवीकडे बघतात. तिथे मी, कोपर खिडकीबाहेर काढून. मासे घ्यायला बंदरावर गेलो की कोळणी मला हाक मारायच्या, "काय ओ शेट, मोठी गाडी घेतलीत!" मी म्हणायचो, "जुनी आहे हो, पण चालते." यात खोटं एक अक्षर नव्हतं. गणपतीपुळ्याला तर एका घाटावरच्या कुटुंबाने मला मध्ये उभं करून गाडीसोबत फोटो काढले आणि फोटो काढायला मोबाईल भावाच्या हातात दिला. त्याने काढलेही, हसत हसत. तो पाच-सात फोटो काढेपर्यंत मी पोट आत ओढून उभा होतो.

शिवाय त्या सीटला काम होतं. आरे-वारेचा रस्ता ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको. एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र, पुढे एसटी. डावीकडे बसलेल्या माणसाला एसटीच्या पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही. दिसतं ते उजवीकडच्याला. मग भाऊ विचारायचा, "दादा, जाव काय?" मी मान बाहेर काढून बघायचो. समोर टेम्पो असला तर म्हणायचो, "थांब." रस्ता मोकळा असला तर, "जा." मी जा म्हटलं की तो एकदाही डोळ्यांनी खात्री करायला गेला नाही. करता येतच नव्हती म्हणा. मागे त्याची बायको, माझी बायको, काकू, सगळे बसलेले असायचे आणि ती एवढी लांब गाडी माझ्या एका शब्दावर बाहेर निघायची. जन्मभर नोकरीत माझ्या शब्दावर एक पंखा हलला नव्हता.

म्हणून एका सकाळी अंगणात ब्रश करता करता तो म्हणाला, "दादा, स्टिअरिंग उजवीकडं घेतंय," तेव्हा मला पेस्टची चव लागेना.

"कशाला?" मी विचारलं. "जुन्या गाडीचं जुनेपण जातं त्याने."

"अरे, सारखी तुला मान बाहेर काढायला लावायची म्हणजे काय! आता तू आरामात बस."

माझ्या आरामासाठी! याला काय म्हणावं? भांडता येत नाही, रागावता येत नाही. माणूस वाईट असता तर माझं किती सोपं झालं असतं.

याच मॉडेलची उजव्या स्टिअरिंगची गाडी ऑस्ट्रेलियात विकली जायची म्हणे. तिथल्या एका मोडीतल्या गाडीचं स्टिअरिंग, डॅशबोर्ड, पेडल असं सगळं सामान त्याच्या बोटीवरच्या मित्राने मिळवलं आणि ते पेटीतून आलं. मी रोज वर्कशॉपवर जाऊन बसायचो. लोकांना वाटायचं, भावाचं केवढं कौतुक! मी बघायला जायचो की बसतंय का नाही. बसू नये असं मला मनापासून वाटत होतं. पहिल्या दिवशी डॅशबोर्ड एका कडेला अडला तेव्हा मी सगळ्यांना चहा सांगितला. दुसऱ्या दिवशी तो बसला. पेडल बसली, कागदपत्रं झाली आणि डाव्या बाजूच्या भोकांवर पत्रा लागून रंगसुद्धा झाला. तिथे कधी स्टिअरिंग होतं असं शपथेवर सांगितलं तरी कुणाला पटलं नसतं.

आता आमच्याकडे असं काही नवं झालं की गाडी आधी गावच्या देवळात न्यायची आणि गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं म्हणजे देवाला सगळ्यांच्या वतीने मोठ्याने सांगायचं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आमच्या घराण्यात वडील गेल्यापासून तो मान माझ्याकडे आहे. भावाला गाऱ्हाणं येत नाही. ही एक गोष्ट त्याला येत नाही याचं मला कायम बरं वाटत आलेलं आहे.

देवळासमोर गाडी उभी केली. बॉनेटवर हार, चाकांखाली लिंबं. मी नारळ हातात घेतला आणि सुरुवात केली.

"हे देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान् गाडीचा नवीन काम केलान् हाय, ता गोड मानून घे!"

"व्हय म्हाराजा!"

"वाटेत, वळणात, घाटात तिची राखण कर!"

"व्हय म्हाराजा!"

"बसणाऱ्याला सुखी ठेव, चालवणाऱ्याला यश दे!"

"व्हय म्हाराजा!"

मी नारळ फोडायला हात उचलला. तेवढ्यात काकू, म्हणजे भावाची आई, पायरीवरून म्हणाली, "थांब रे. दृष्टीचा ऱ्हायला."

गाडीचं गाऱ्हाणं असलं की दृष्टीचं वाक्य असतंच. दुसऱ्या कुणाच्याही गाडीला मी ते सगळ्यात जोरात म्हणतो. आज ते ओठांवर आलंच नव्हतं. मी म्हटलं, "ते राखणीत आलं, काकू."

"राखणीत कसा येल? येगळा बोलायचा. तुझा बापूस येगळा बोलायचा."

सगळे माझ्याकडे बघत होते. बायको जरा जास्तच बघत होती. मी नारळ पुन्हा दोन्ही हातांत धरला.

"ह्या गाडीवर," मी म्हणालो, आणि घसा साफ केला. "ह्या गाडीवर कुणाची वाकडी नजर पडली असंल, ती देखून कुणाच्या पोटात दुखत असंल, तर तो घरचा असो, दारचा असो, देवा म्हाराजा, त्याचा तू बंदोबस्त कर!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. माझी बायको सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणाली. भावाचा आवाज मात्र मला ऐकू आला नाही. मी बघितलं तर तो खाली वाकून चाकाखालचं लिंबू नीट करत होता. लिंबू नीटच होतं.

म्हणजे याला ठाऊक आहे, हे मला तेव्हा कळलं. आजपासून नव्हे, कोळणीला मी "चालते" म्हणालो त्या दिवसापासून. नारळ एका फटक्यात फुटला नाही.

परत येताना मी डावीकडे बसलो. पुढे नुसती डॅशबोर्डची सपाट पाटी आणि हात ठेवायला मांडी. खिडकीतून चिऱ्याचे गडगे आणि करवंदीच्या जाळ्या दिसत होत्या. भाऊ उजवीकडे, कोपर बाहेर. वाटेत एकाने हात केला, तो त्याला केला. थोड्या वेळाने पुढे एसटी लागली. सरळ रस्ता आला, आणि तो म्हणाला, "दादा, जाव काय?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो समोर बघत होता. त्याच्या जागेवरून अख्खा रस्ता दिसत होता आणि माझ्या जागेवरून एसटीची मागची शिडी.

मला म्हणता आलं असतं, अरे, आता तुझं तुला दिसतंय की. ते मी म्हणालो नाही. "थांब," मी म्हणालो.

त्याने लगेच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. आम्ही एसटीच्या धुरात मागे मागे जात राहिलो. समोरून कुणी आलं नाही. एक सायकलसुद्धा नाही.

"काय रे, पुढं काय हाय?" मागून काकूने विचारलं.

"दादा थांब बोलला," तो म्हणाला.

गाडी त्याची, रस्ता आता त्याला दिसत होता, आणि एवढं मोठं मन दाखवायची संधीही देवाने त्यालाच दिली होती. माझ्या पोटात पुन्हा दुखलं, आधीपेक्षा जास्त. एसटी वळली, आम्ही वळलो, पुढे पुन्हा सरळ रस्ता आला.

"आता जाव काय?" त्याने विचारलं.

"थांब," मी म्हणालो.