साहेबांचा बँड

इस्त्रीखाली स्टार्चचा वास उठला की मला महाल भागातलं आमच्या वकीलसाहेबांचं ऑफिस आठवतं. मी त्यांची ज्युनिअर. साहेब आमदारही होते. त्या दिवशी ते कोर्टातून नुकतेच परतले होते, तेवढ्यात मंत्रिपदाचा फोन आला. गल्लीत स्कूटरींची गर्दी झाली, टेबलावर पेढे आले. कळमेश्वरच्या एका काकांच्या शेताची वाट सरकारी भिंतीनं अडवली होती आणि त्यांची केस आमच्याकडे होती. काका खुशीत म्हणाले, "साहेब, आता तं तुम्हीच सरकार! एका सहीत पाडा भिंत." साहेब हसले नाहीत. "मी पाडीन, अन् उद्या दुसरा येऊन बांधन. कोर्टाचा निकालच घ्या गा, काका." मग गळ्यातला वकिलीचा, स्टार्च केलेला पांढरा बँड सोडून त्यांनी माझ्या हातात ठेवला. "हे केस आता तुझी. मले फोन करायचा नाही, मी आता समोरच्या बाजूले आहो. अन् मी आहो म्हणून ढिली पडू नको वं." काकांचा चेहरा उतरला, माझाही. साहेब अजून मंत्री आहेत, भिंतही उभी आहे. आज शेवटची सुनावणी. सरकारी वकील पुन्हा तारीख मागतील. मी मिळू देणार नाही. बँड साहेबांचाच बांधलाय.