पाणाड्याचा नारळ

बीडहून मांजरसुंब्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आज आमची कॉलनी आहे, तिथं तेव्हा नुसता मुरमाड माळ होता. माझ्या वर्गमित्रानं तो मिळवला, गृहनिर्माण सोसायटी काढली, चुन्याच्या फक्कीनं रस्ते आखले आणि चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले. शेजार कुणी निवडायचा नाही, हा त्याचा हट्ट. तो चेअरमन, मी सेक्रेटरी. आम्ही दोघं धारूरच्या एकाच शाळेतले. तो मॅट्रिकला आपटला, मी बी.ए., बी.एड. झालो. तरी लोक त्याला साहेब म्हणत आणि मला, "गुरुजी, जरा अर्ज लिहून द्या." माझा जळफळाट व्हायचा, आता लपवून काय उपयोग? ती खुर्ची मला हवी होती.

पुढं सलग दोन वर्षं पाऊस झाला नाही. टँकर आठवड्यातून एकदा यायचा, तोही आला तर. तेव्हा त्यानं जमिनीतलं पाणी सांगणारा एक म्हातारा पाणाड्या आणला. तळहातावर आडवा नारळ ठेवून म्हातारा माळभर फिरला. नारळ ताठ उभा राहिला तो माझ्या अंगणात. दुसऱ्यांदा जरासा हलला, तो चेअरमनच्या घराचा पाया नुकताच भरला होता तिथं.

बाकीचे लांब रस्त्यावर उभे होते. तो माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "बोर हितंच मारावा लागतोय. मारू का बे?"

जागा माझी जाणार आणि नाव त्याचं होणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"न्हाई," मी म्हणालो. "मला तिथं खोली काढायचीय."

तो मागं फिरून रस्त्याकडं गेला. मग लोकांना म्हणाला, "हितं काय जमत न्हाई. माझ्या प्लॉटवर बघू."

त्यानं पाया उकरून काढला आणि तिथं बोर मारला. पाणी लागलं. तो बायकापोरांना घेऊन आणखी तीन वर्षं भाड्याच्या खोलीत राहिला. माझं घर उन्हाळाभर तेच पाणी प्यालं. माझा नकार त्यानं कुणाला सांगितला नाही. चार लोकांत शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या वार्षिक सभेत तो उठला. "मला आता झेपत न्हाई. गुरुजी लई शिकलेले हायत, त्यांनाच चेअरमन करा."

सगळे हात वर गेले. मी नको म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही, खुर्चीत जाऊन बसलो. टाळ्या पडल्या, त्या त्याच्यासाठी.