अक्काच्या हळदीपुढचं शून्य

अक्काच्या हळदीपुढं शून्य आलेलं मी पाहिलं होतं. नंतर वर्षभर मी सांगत राहिलो की ते कॉम्प्युटरनं काढलं, माझ्या नजरेतून सुटलं. ते खोटं होतं.

मी वसमतच्या एका कॉलेजात संगणक शिकवतो. आमच्या भागातल्या शेतकरी कंपनीकडं हळद शिजवायचे बॉयलर आहेत आणि काढणीच्या दिवसांत ते आधी कुणाच्या शेतात जाणार यावरून दरवर्षी भांडण कॉलर धरण्यापर्यंत जायचं. कंपनीचे अध्यक्ष माझ्याकडं आले, तेव्हा मी हुरळलो. हे तर माझ्याच विषयातलं, लिनियर प्रोग्रॅमिंग. वर्गात फळ्यावर दोन रेषा ओढून शिकवायचो, इथं खरी हळद होती. कुणाची किती क्विंटल शिजवायची, हे शोधायचं. बॉयलरचे तास आणि ट्रॅक्टरच्या फेऱ्या या मर्यादा. एकूण हळद जास्तीत जास्त शिजावी, हे उद्दिष्ट. पायथन या संगणकभाषेतली गणिताची तयार लायब्ररी फक्त कमीत कमी काढून देते, म्हणून उद्दिष्टाच्या आकड्यांना उणे चिन्ह लावायचं आणि सगळं तिच्या हवाली करायचं. कोड एका पानात मावला.

अक्का, माझी थोरली बहीण, कुरुंद्याकडच्या एका वस्तीत राहते. भावजी गेल्यापासून शेत तीच बघते. तिथं थोडी थोडी जमीन असलेली आमची बौद्ध घरं सावड करतात. आज सगळ्या बायांनी मिळून एकीची हळद काढायची, उद्या दुसरीची, आणि सगळा माल एकाच खळ्यावर शेजारी शेजारी घालायचा. बॉयलर एकदाच येतो, एकदाच पेटतो. आई याच सावडीत राबली. लहानपणी त्या ढिगांवर मी पाला पसरला आहे.

तरीही कोडमध्ये मी प्रत्येक घर वेगळं धरलं. कंपनीच्या यादीत प्रत्येक घर वेगळं सभासद होतं, म्हणून. त्यामुळं बॉयलर हलवण्याचा, पाणी भरण्याचा, तापवण्याचा वेळ त्या प्रत्येक लहान ढिगावर पुन्हा पुन्हा चढला. वस्तीतली हळद गणिताला महाग पडली. निदान इतकं तरी द्यायचंच, असं कुणासाठी सांगितलं नाही तर लायब्ररी खालची मर्यादा शून्य धरते. मी सांगितलं नव्हतं.

स्क्रीनवर सर्वोत्तम उत्तर सापडल्याचं आलं. मोठ्या बागायतदारांपुढं भरघोस आकडे, वस्तीतल्या घरांपुढं ओळीनं शून्य. अध्यक्ष मागं उभे होते. तोंड उघडलं असतं तर सर आपल्या माणसांसाठी बोलतात असं झालं असतं. ती भीती मी नोकरीला लागल्यापासून बाळगून आहे. मी प्रिंट दिली.

“सर, भांडणंच मिटवली तुमी,” ते म्हणाले. “आता मशीनशी कोण भांडंल?”

सभेत मला शाल मिळाली.

अक्कानं मात्र सावडीतल्या बायांना सांगून ठेवलं होतं की कॉम्प्युटर भावाच्या हातात आहे, बिनघोर हळद काढा. त्यांनी काढली. मग तिचा फोन आला.

“भाऊ, बॉयलर कधी येऊन राहिला? ढिगात हात घातला तर गरम लागून राहिलं, सडंल आता.”

“अक्का, कॉम्प्युटरनं तसंच काढलंय. माझ्या हातात न्हाई.”

“मंग कुणाच्या हातात हाय?”

मी फोन ठेवला. मग वस्तीतली सगळी घरं एका ढिगात धरून कोड पुन्हा चालवला. वस्तीला बॉयलर मिळत होता. अध्यक्षांना फोन करायला हवा होता. चूक माझी, असं म्हणावं लागलं असतं. केला नाही.

बाकी सगळ्यांचं उरकून बॉयलर वस्तीत पोचला तोवर निम्म्याहून जास्त हळद सडली होती. यादीतली शून्यंही वस्तीत कळली होती. बाया अक्काला विचारायच्या, “काहून गं, तुज्या भावाचा कॉम्प्युटर आमच्या वस्तीत येताना लाजतो का?” पुढच्या काढणीला तिला सावडीत बोलावलं नाही.

मी गेलो तेव्हा ती एकटीच कुदळ मारत होती. पलीकडच्या शेतात बाकीच्या सगळ्याजणी होत्या. तिला बघून मला रडू आलं. म्हणालो, “अक्का, चुकलं माझं.”

तिनं मान वर केली नाही. “मला काय सांगून राहिला? मी तर घरचीच हाय. तिकडं सांग.”

बांध ओलांडून गेलो. हात थांबले. एक म्हातारी म्हणाली, “या सर. आज कुणाला शून्य द्याया आलात?” कुणी हसलं नाही.

मी चपला काढल्या. म्हणालो, “मशीननं काही केलं न्हाई. तुमची सावड मला ठाऊक होती, तरी मी तुमाला एकेकटं धरलं. शून्य दिसलं, तरी गप्प बसलो, कारण मला तुमच्यातला म्हणवून घ्यायची लाज वाटली. अक्काला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं माझ्यावर भरवसा ठेवला, एवढंच. मला माफ करू नका वाटलं तर. पण तिला सावडीत घ्या.”